झरोका, धुराडे आणि चूल

तर्कशास्त्राचा पहिला धडा गिरविणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आपल्याकडे शतकानुशतके एकच दृष्टान्त ठेवण्यात येत आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावयाचे. आणि जेथे धूर तेथे अग्नी हा नियम प्रत्यक्ष कोठे पाहिला, असे कोणी विचारलेच, तर ‘महानसात’, म्हणजे स्वयंपाकघरात, असे उत्तर द्यावयाचे. नैयायिकांच्या पिढ्यान् पिढ्या या महानसाकडे बोट दाखवीत आल्या. पक्ष, साध्य आणि हेतू यांचा त्यांनी सूक्ष्मातिसूक्ष्म कीस काढला. परंतु त्या धुरात बसून फुंकणी फुंकणारे माणूस मात्र त्या दृष्टान्तात कोठेच आले नाही. याचा दोष नैयायिकांना देण्याचे कारण नाही, कारण त्यांचा प्रश्नच निराळा होता. तथापि, अव्यभिचारी सत्याचा नमुना म्हणून निःशंकपणे पुढे करता यावा, इतका स्वयंपाकघरातील धूर आपल्या जीवनात गृहीत धरला गेला होता, ही गोष्ट घराच्या इतिहासकाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही आपली म्हणही त्याच खात्रीतून जन्मास आली आहे.

राजांच्या लढायांना इतिहास असतो, जमिनीच्या महसुलाला असतो, तसा घरातील हवेलाही असतो. हा इतिहास पाहू जाता असे आढळते की, त्यात वैद्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, भाग सरकारी अंमलदारांचा आहे. घरात कोंडलेल्या हवेचा प्रश्न सोडविण्यासाठी राज्यसंस्था गेल्या सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या वेषांत गृहस्थाच्या उंबरठ्याशी आली. प्रत्येक वेळी ती काही चांगले करून गेली आणि प्रत्येक वेळी तिच्या नजरेतून काही निसटले. ज्या वाचकांचे आयुष्य एका बदलीच्या गावातून दुसऱ्या बदलीच्या गावी, एका सरकारी निवासातून दुसऱ्या निवासात जाण्यात चालले आहे, त्यांना ही कथा दोन्ही बाजूंनी ओळखीची वाटेल: ते घरात राहतातही आणि घरांसंबंधीच्या फायलींवर सह्याही करतात.

प्रथम जुन्या घराकडे पाहू. खानदेश-मराठवाड्यातील धाब्याच्या घराला छतात साणे ठेवलेले असे. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर वाट काढी. शिवाय धूर हा सर्वस्वी शत्रू मानला जात नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याने आढ्याचे लाकूड किडीपासून राखले जाई, शाकारलेले छप्पर टिके, आणि पुढच्या पेरणीसाठी चुलीवर टांगून ठेवलेल्या बियाण्याला टोका लागत नसे. पण घराची मांडणी करताना हवेची वाटणी मात्र समान झाली नव्हती. वारा खेळणारी ओसरी आणि दिवाणखाना पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या वाट्याला आले. सोवळ्याच्या आणि आडोशाच्या कल्पनांमुळे चूल मात्र माजघराच्याही पलीकडे, घराच्या सर्वांत अंधाऱ्या भागात गेली. आढ्यावर चढलेल्या काजळीचा थर दिसत असे. तीच काजळी श्वासाबरोबर छातीत किती गेली, हे पाहण्याचे साधन कोणाजवळ नव्हते आणि तशी कोणी चौकशीही केली नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात आरोग्यशास्त्राचा जो नवा विचार रुजला, त्याच्या मुळाशी दूषित हवेची कल्पना होती. कुजलेल्या पदार्थांतून आणि कोंदट जागांतून विषारी वाफा निघतात व त्यांच्यापासून रोग उद्भवतात, असे त्या काळच्या बहुतेक विद्वानांचे मत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात पहिला नियम घातला तो हाच, की रोग्याला गारठू न देता त्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या राजकीय आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून बराकीत प्रत्येक शिपायामागे किती घनफूट हवा असावी, याचा हिशेब होऊ लागला. तुरुंगांतील कैद्यांच्या बाबतीतही तसाच हिशेब झाला. सरकारच्या ताब्यातील माणसाची हवा अशा रीतीने मोजली गेली. घरातील माणसाची हवा अद्याप कोणाच्याच खात्यात मोडत नव्हती.

ती पाळी १८९६ च्या सप्टेंबरात आली. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि काही महिन्यांत ते शहर निम्मे ओस पडल्यासारखे झाले. प्लेग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो अशी समजूत असल्यामुळे पालिकेच्या लोकांनी घरांची कौले उतरविली, भिंतींना चुना फासला, गटारे धुऊन काढली, आणि वस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविली. पुण्यात तर १८९७ च्या आरंभी घरे तपासण्यास गोरे सोजीर पाठविण्यात आले. प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर त्याच वर्षी २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. आपल्या विषयापुरता त्यातील अर्थ एवढाच, की घरातील हवा शुद्ध करण्यासाठी सरकार प्रथम आले ते संगिनी घेऊन. आणि देवघरात बूट घालून शिरणाऱ्याच्या हातून घरात आलेला उजेडही लोकांना नकोसा झाला.

दुसऱ्या खेपेस सरकार आले ते मोजपट्टी आणि कोनमापक घेऊन. प्लेगच्या धक्क्याने १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती फोडून समुद्रावरचा वारा शहरात घ्यावा या हेतूने प्रिन्सेस स्ट्रीट आखण्यात आला. सँडहर्स्ट रोड निघाला. पुढे दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींची आखणी झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम समजावून सांगितला. नियम दिसावयास गणिती, पण मनात साधा आहे. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या तळापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून रेषा काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर येता कामा नये. याचाच अर्थ असा, की समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये असावी. आकाशाचा एक तुकडा प्रत्येक खोलीच्या वाट्याला यावा, यासाठी केलेली ती वाटणी होती.

मौजेची गोष्ट अशी, की ज्या सिद्धान्तावर हा सारा खटाटोप उभा होता, तो प्लेगच्या बाबतीत चुकीचा होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ सालीच, म्हणजे ट्रस्टच्या जन्मवर्षीच, उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात हे कराचीत प्रयोगाने दाखविले. त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास सुमारे दशकभर लागले. प्लेगचा संबंध वाऱ्याशी नसून उंदरांशी होता. परंतु क्षयाचा संबंध कोंडलेल्या हवेशी निश्चित होता, आणि ट्रस्टने ठेवलेल्या मोकळ्या जागांचा लाभ त्या दिशेने झाल्यावाचून राहिला नाही. चुकीच्या कारणासाठी योग्य उपाय योजला जाण्याची अशी उदाहरणे शासनाच्या इतिहासात विरळा नाहीत. उलटपक्षी, योग्य उपायाची किंमत भलत्यांनीच चुकविण्याचीही उदाहरणे आहेत. ट्रस्टने गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या पहिल्या दोन दशकांत बांधल्या नाहीत. हुसकलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली.

आणखी एक गोष्ट त्या कोनमापकाच्या नजरेतून निसटली. साडेत्रेसष्ट अंशांची रेषा खिडकीशी येऊन थांबत होती. खिडकीच्या आत, त्याच एका खोलीत, चूल पेटत होती. १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. निजावयाचे तेथे, रांधावयाचे तेथे, आजाऱ्याने खोकावयाचे तेथे. बाहेरची हवा आत आणण्याचा विचार झाला होता. आतल्या धुराचा विचार व्हावयाचा होता.

तो विचार निघाला वर्ध्यास. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाण्या, चक्क्या, कागद आणि गूळ यांचे प्रयोग सुरू झाले. त्याच प्रयोगांतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. चूल मातीचीच, पण तोंड सोडून बाकी बंद; एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी बसावीत अशी भोके; आणि शेवटी भिंतीतून किंवा छपरातून वर जाणारे धुराडे. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते, तिची जागा घेण्यास चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते, त्यामुळे जळण अधिक चांगले जळते आणि उरलेला धूर खोलीत न येता बाहेर पडतो. गावच्या कुंभाराला करता यावे, इतके हे यंत्र साधे होते.

यानंतर थोड्याच वर्षांत तशीच खटपट हैदराबादेत झाली. त्या वेळच्या हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाचही जिल्हे होते, म्हणून ही हकीकत आपलीच समजण्यास हरकत नाही. तेथील अभियांत्रिकी संशोधनशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची सुधारलेली चूल सिद्ध केली, आणि १९५३ साली कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. धरणांच्या आणि पुलांच्या त्या काळात एका अभियंत्याने चुलीवर पुस्तक लिहावे, ही गोष्ट आज त्याच्या मोठेपणाची साक्ष म्हणून सांगितली पाहिजे.

मग या चुली घरोघरी का गेल्या नाहीत? कारणे लहान होती आणि म्हणूनच बलवत्तर होती. मातीला तडे जात. धुराड्यात काजळी साठे आणि ते न झाडल्यास धूर पुन्हा खोलीत येई. सरपण बारीक फोडून घालावे लागे, आणि ते फोडण्याचे काम जिचे, तिचाच वेळ मोडे. भाकरी तव्यावरून काढून आरावर उभी करून फुगवावयाची असते; बंद चुलीत त्याला सोयीची जागा मिळेना. पावसाळ्यात छपराला पाडलेल्या भोकातून पाणी गळे. चूल बनविणारा प्रयोगशाळेत होता, चूल बसविणारा खात्यात होता, आणि चूल पेटविणारी स्वयंपाकघरात होती. या तिघांची एकत्र बैठक कधी झाली नाही.

ज्या बाईच्या छातीत हा धूर जात होता, तिच्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय दिल्लीच्या डॉ. शि. पद्मावती यांना आहे. ब्रह्मदेशात १९१७ साली जन्मलेल्या या विदुषी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत भारतात आल्या आणि पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात हृदयरोगाचे काम करू लागल्या. फुप्फुसांच्या दीर्घ विकारामुळे हृदयाची उजवी बाजू थकून जाते, असा एक रोग आहे. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा रोग समजला जाई. दिल्लीतील १२७ रोग्यांचा अभ्यास पद्मावतींनी आपल्या सहकाऱ्यासह १९५९ साली प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांतही हा रोग पुरुषांच्या बरोबरीने आढळत होता. पुढील अभ्यासांतही हाच प्रकार दिसून आला आणि संशयाचे बोट चुलीकडे वळले. आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या बाईची फुप्फुसे विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांसारखी झाली होती. २०२० साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पद्मावती निवर्तल्या. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यांच्या मागेही उरला आहे.

रोग दिसला, पण धुराचे माप अजून निघाले नव्हते. ते १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत निघाले. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या चार खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा शोषून घेणारी लहान उपकरणे बसविली, आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजवर हवेचे प्रदूषण म्हटले की गिरण्यांची धुराडी आणि मोटारींची वाहतूक डोळ्यांपुढे येई. जगातील अतिदूषित हवा मोठ्या शहरांच्या चौकांत नसून खेड्यांतील स्वयंपाकघरांत असू शकते, हे त्या मोजमापाने उघड केले. ओले लाकूड आणि गोवऱ्या अपुऱ्या जळतात. त्यांतून अडीच मायक्रॉनहूनही सूक्ष्म असे कण निघतात. माणसाचा केस यांच्या कित्येक पट जाड असतो. नाकातील केस आणि घशातील कफ त्यांना अडवू शकत नाहीत; ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

तिसऱ्या खेपेस सरकार आले ते नोंदवही घेऊन. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत तो केंद्राकडून चालला. या अवधीत ३ कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्याची नोंद आहे. या संख्येत खोटेपणा होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु नोंदवहीत ‘बसविली’ हा रकाना होता, ‘वर्षानंतर पेटते काय’ हा रकाना नव्हता. ज्याने उद्दिष्टांच्या तक्त्यावर एकदा जरी सही केली आहे, त्याला या दोन रकान्यांमधील अंतर विशद करून सांगण्याची गरज नाही. पुढे ओडिशातील सुमारे २६०० कुटुंबांना दिलेल्या सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला. नंतर चुली मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, वापर घटला, आणि अखेरीस आरोग्यात फरक आढळला नाही.

यानंतर मात्र विचाराची दिशा बदलली. धूर बाहेर काढण्याऐवजी तो मुळातच न व्हावा, असा मार्ग धरण्यात आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आठ कोटीवी गॅसजोडणी देण्यात आली. २०१५–१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर रांधणारी कुटुंबे शेकडा ४३.८ होती, ती २०१९–२१ च्या पाहणीत शेकडा ५८.६ झाली. ही प्रगती कोणत्याही मापाने लहान नव्हे. पण जोडणी एकदाच घ्यावयाची असते आणि सिलिंडर पुनःपुन्हा भरावयाचा असतो. तो भरण्यास हातात पैसा नसला, की कोपऱ्यातील मातीची चूल परत पेटते. बसविली आणि पेटते यांमधील जुने अंतर येथे नव्या रूपाने उभे राहते.

चूल आपल्या घरातून गेली म्हणून हा प्रश्न आपल्यापुरता संपला, असे शहरी वाचकाने मानू नये. उत्तरेत बदलून गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात अंगीठीची ओळख होते. निजावयाच्या खोलीत निखाऱ्यांची अंगीठी ठेवून दारे-खिडक्या लावून घेतलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडली, अशी बातमी दर हिवाळ्यात वाचावयास मिळते. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून भीती वाटत नाही. पण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो व रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. झरोका नसलेल्या न्हाणीघरातील गॅसचे तापकही हेच करते. उदबत्ती, डासांसाठी रात्रभर जळणारी कुंडली, फोडणीचा आणि तळणीचा धूर, भिंतीला आलेली ओल आणि तीवरची बुरशी, ही सर्व त्याच कुळातील लहान भावंडे होत.

आता शेकडो रुपयांपासून हजारो रुपयांपर्यंत किमतीची हवाशुद्धीची यंत्रे बाजारात मिळतात. दिल्लीच्या कार्तिक-मार्गशीर्षात, बाहेरचीच हवा आत घेण्याजोगी नसते तेव्हा, त्यांचा उपयोग आहे. परंतु सूक्ष्म कण गाळणारे ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड गाळीत नाही. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाने उपायांचा जो क्रम शिकविला आहे, तो असा: प्रथम धूर उत्पन्न करणारी वस्तू घरातून काढावी, ते न साधल्यास धूर जेथे उत्पन्न होतो तेथूनच धुराड्याने किंवा पंख्याने बाहेर घालवावा, मग समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळवावा, आणि सर्वांत शेवटी यंत्राकडे वळावे. हा क्रम उलटा करणे सोपे असते, कारण यंत्र विकत मिळते आणि सवय विकत मिळत नाही.

नव्या गावी निवासाचा ताबा घेताना आपण खोल्या मोजतो, नळ सोडून पाहतो, दिवे लावून पाहतो आणि पावतीवर सही करतो. त्या सहीपूर्वी स्वयंपाकघरात जाऊन, रांधणारे माणूस जेथे उभे राहते नेमके तेथे दहा मिनिटे उभे राहावे आणि शेगडी पेटवून वाफ कोणीकडे जाते ते पाहावे. रांधणारे माणूस घरचे असो वा कामाला येणारे असो, त्यालाही विचारावे. कोनमापकाने आणि नोंदवहीने जो प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तो विचारण्यास सरकारी मंजुरी लागत नाही.